गार वाऱ्याचे पित्त आणि विहिरीचे पाणी

भाताची मळणी उरकली की आमच्या आंबवड्यात खरी थंडी सुरू होते. रायरेश्वराच्या पठारावरून पहाटे जो वारा खाली उतरतो, तो घोंगडीतूनही अंगाला झोंबतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कित्येकदा १० अंशांच्या आसपास येतो. सर्दी, खोकला, दमा, भेगाळलेल्या टाचा हे या दिवसांतले नेहमीचे पाहुणे. त्यांच्याबरोबर दरवर्षी आणखी एक तक्रार माझ्या दवाखान्यात येते. "डॉक्टर, गार वारं लागलं की अंगावर पित्त उठतंय."

वाचकहो, तक्रार साधी वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ती साधीच असते. परंतु या आजाराचा एक धोका असा आहे, की तो माहीत नसेल तर जीव जाऊ शकतो. हा धोका थंडीत नव्हे, तर बहुधा उन्हाळ्यात गाठतो. तो मला कसा उमगला, हे आधी सांगतो. त्यात माझीही चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

दूध घालणारा मुलगा

काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, आमच्या भागातली एक माउली आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन आली. मुलगा पहाटे पाचला मोटारसायकलला किटल्या अडकवून भोरला दूध घालायला जात असे. परत येऊन चुलीपाशी बसला, की दहा-पंधरा मिनिटांत गाल, कान, हातांचे पंजे आणि गुडघे यांवर लालसर गांधी उमटत. खाज इतकी, की ओरबाडून रक्त निघे. तासाभरात सारे नाहीसे होई.

"डॉक्टर, ह्याचं वांगं बंद केलं, शेंगदाणं बंद केलं, दही तर दाखवीत पण न्हाई. तरी पित्त काय जाईना," माउली म्हणाली.

"वहिनी, त्याला जेवू द्या पोटभर. हे खाण्याचं पित्त नाही, वाऱ्याचं आहे," मी म्हणालो.

निदान बरोबर होते. मी त्याला गोळ्या दिल्या, कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट वापरायला सांगितले. महिन्याभरात फरक पडला. फाल्गुनात थंडी गेली, गांधी गेल्या आणि गोळ्याही त्याने आपणहून बंद केल्या. मीही ते प्रकरण विसरलो.

वैशाखात, दुपारच्या वेळी, एक पिकअप दवाखान्यासमोर येऊन थांबली. मागे तोच मुलगा आडवा पडलेला. चुलतभावांबरोबर तो विहिरीत पोहायला उतरला होता. चार-पाच मिनिटे पोहल्यावर त्याला गरगरायला लागले, हातपाय चालेनात आणि तो खाली जाऊ लागला. भावांनी वेळीच ओढून काढला म्हणून वाचला. माझ्याकडे आला तेव्हा अंगभर गांधी होत्या, ओठ आणि पापण्या सुजलेल्या, नाडी बारीक आणि रक्तदाब जेमतेम लागत होता. मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर ॲड्रेनॅलिन टोचले, पाय उंच केले, ओले कपडे काढून ब्लँकेट पांघरले, सलाइन लावले आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावून भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी तो चालत घरी आला.

सगळे म्हणाले, "विहिरीतलं काहीतरी बाधलं." विहिरीतले काही बाधले नव्हते. थंडीतले त्याचे पित्त आणि वैशाखातले त्याचे बुडणे हा एकच आजार होता. मी त्याला वाऱ्यापासून जपायला सांगितले, पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता : "तू पोहतोस का?"

हे पोटातले पित्त नव्हे

आपल्याकडे 'पित्त' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, तेही पित्त. आणि अंगावर खाजरे उंचवटे येतात, तेही पित्त. त्यामुळे अंगावर पित्त उठले की लोक आम्लपित्ताची गोळी घेतात, आंबट सोडतात, उपास करतात. त्याचा गार वाऱ्याच्या पित्ताशी काही संबंध नाही.

जुन्या वैद्यांना हे चांगले ठाऊक होते. माधवनिदान या सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात या आजाराला शीतपित्त म्हटले आहे आणि कारण देताना थंड वाऱ्याचा स्पर्श हेच पहिले कारण सांगितले आहे. आधुनिक वैद्यकातही अंगावर पित्त उठण्याची कारणे अनेक आहेत. औषधे, जंतुसंसर्ग, काही अन्नपदार्थ, घाम, दाब, ऊन आणि थंडी. आज आपण फक्त थंडीच्या पित्ताचा विचार करीत आहोत.

शरीरात होते तरी काय?

आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या असंख्य पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन हे रसायन साठवलेले असते. काही माणसांच्या या पेशी थंडीला शत्रू समजतात. कातडी गार पडली आणि पुन्हा ऊब घेऊ लागली, की त्या हिस्टामिन बाहेर सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी पाझरते, कातडी उंचावते आणि खाज सुटते. हीच गांधी.

म्हणूनच पुष्कळ रोगी सांगतात, "बाहेर असताना काही नसतं, घरात आल्यावर उठतं. मग थंडीचं कसं म्हणता?" चूल किंवा घरातली ऊब हे कारण नव्हे, आधी बसलेल्या थंडीचा तो उशिरा दिसणारा परिणाम असतो.

आता मोटारसायकल आणि विहीर यांतला फरक पाहा. वाऱ्याने चेहरा, कान, हात एवढेच उघडे भाग गारठतात. तेवढ्या जागेतले हिस्टामिन तेथल्या तेथे खाज आणून जिरते. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते आणि पोहताना डोक्यापासून पायापर्यंत सारी कातडी एकदम गार पडते. सगळ्या अंगातले हिस्टामिन एकाच वेळी रक्तात उतरले, की रक्तदाब कोसळतो, चक्कर येते, माणूस बेशुद्ध होतो. जमिनीवर हे झाले तर निदान श्वास चालू राहतो. पाण्यात झाले तर माणूस बुडतो, आणि लोक म्हणतात, 'पट्टीचा पोहणारा, कसा बुडाला कोण जाणे!'

बाहेर ऊन रणरणत असले तरी खोल, सावलीतल्या विहिरीचे पाणी अंगापेक्षा बरेच गार असते. या आजाराला बर्फच लागतो असे नाही. अंगाच्या आणि पाण्याच्या उष्णतेतला फरक काहींना पुरतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. बायर्ड हॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी थंडीमुळे साऱ्या शरीरावर होणाऱ्या अशा प्रतिक्रियेचे वर्णन १९२९ मध्येच करून ठेवले आहे. म्हणजे माहिती जुनी आहे, फक्त ती आमच्या विहिरीच्या काठापर्यंत पोचलेली नाही.

ओळखावे कसे?

निदानाची मुख्य चाचणी स्वस्त आहे. बर्फाचा खडा थोड्या पाण्यासह पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताच्या आतल्या बाजूला ५ मिनिटे ठेवायचा. मग काढून १० मिनिटे थांबायचे. बर्फ ठेवला होता नेमक्या त्याच आकाराची गांधी उठली, तर निदान पक्के. त्या मुलाच्या हातावर आम्ही पुढे ही चाचणी केली, तेव्हा खड्याचा ठसा उमटल्यासारखी गांधी आली. ५ मिनिटांऐवजी ३ मिनिटांत किंवा त्याहूनही कमी वेळात गांधी उठत असेल, तर अशा माणसाला मोठ्या प्रतिक्रियेचा धोका अधिक समजावा.

ही चाचणी घरी करू नये. डॉक्टरांसमोरच करावी आणि त्यापूर्वी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्यात, नाहीतर उत्तर चुकते. शिवाय काही रोग्यांना फक्त साऱ्या अंगाला गार वारा लागल्यावरच त्रास होतो. त्यांच्या हातावर बर्फाने काही उठत नाही. म्हणून चाचणीइतकेच महत्त्व रोग्याच्या हकिकतीला आहे.

बहुतेकांना हा आजार तरुणपणी, काही कारण न सापडता सुरू होतो. मात्र थंडीच्या पित्ताबरोबर ताप आणि सांधेदुखी असेल, गांधी २४ तासांहून अधिक टिकत असतील किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असतील, थंडीत बोटांची टोके निळी पडत असतील, अथवा घरात अनेकांना लहानपणापासून हा त्रास असेल, तर रक्ताच्या काही तपासण्या लागतात. अशा रोग्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुण्याला ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

उपचार

पहिला उपचार म्हणजे थंडीपासून बचाव आणि दुसरा म्हणजे गोळ्या. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही या गटातली आजची औषधे. ती हिस्टामिनची वाट अडवतात. येथे बहुतेक जण एक चूक करतात. गांधी उठली की गोळी घेतात आणि बसली की सोडून देतात. गोळी पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत गांधी आपोआप बसलेली असते, मग गोळीचा उपयोग काय? ज्याला रोज थंडीत जायचे आहे, त्याने डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळी रोज, नेमाने घ्यायची असते. एका गोळीने भागले नाही, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात. ही वाढ मात्र आपल्या मनाने करू नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रोगी यांच्यासाठी औषध व मात्रा डॉक्टरच ठरवतील.

जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने आजही सर्रास वापरली जातात. ती घेऊन पहाटेच्या अंधारात घाटातून गाडी चालवणे म्हणजे एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेणे होय. नव्या गोळ्यांनीही, विशेषतः सेटिरिझिनने, काहींना सुस्ती येते. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस स्वतःला पारखून पाहावे.

'एक कडक इंजेक्शन द्या' असा आग्रह रोगी धरतात. ते कडक इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचे असते. वर्षानुवर्षे अशी इंजेक्शने घेत राहिल्यास साखर, रक्तदाब, हाडे यांवर परिणाम होतात आणि थंडीचे पित्त मुळातून जात नाही. गोळ्यांची पूर्ण मात्रा देऊनही ज्यांना आराम पडत नाही, त्यांच्यासाठी ओमालिझुमॅब नावाचे इंजेक्शन आता मोठ्या रुग्णालयांत मिळते. ते महाग आहे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

हा आजार बरा होतो का? बहुतेकांचा होतो, पण सावकाश. सरासरी ५ वर्षे धरून चालावे. काहींना त्याहून अधिक लागतात. तोवर तो ताब्यात ठेवता येतो, हे लक्षात घ्यावे.

घरचे उपाय

पित्त उठले की आमसुलाचे पाणी अंगाला लावतात आणि काळी घोंगडी पांघरायला देतात. यातली घोंगडी अगदी योग्य आहे, कारण ती ऊब देते. आमसुलाचे गार पाणी मात्र थंडीच्या पित्तावर लावू नये. ओलाव्यावर वारा लागला, की कातडी अधिकच गारठते आणि नव्या गांधी उठतात. खाजेवर लावायच्या गुलाबी लोशनचेही तेच. गेरू फासून फारसे काही साधत नाही. कोरडे कपडे, ऊब आणि न खाजवणे एवढे पुरेसे आहे.

'रोज गार पाण्याने आंघोळ कर, सवय होईल' असा सल्ला देणारे गावोगावी भेटतात. थंडीची सवय करण्याचा उपचार वैद्यकात आहे, पण तो रुग्णालयात, देखरेखीखाली करायचा असतो. घरी हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

कोणी काय जपावे?

मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी पूर्ण तोंडाचे हेल्मेट, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट वापरावे. नुसता स्वेटर पुरत नाही. वारा त्यातून आरपार जातो. आंघोळ कोमट पाण्याने, बंद मोरीत करावी आणि अंग लगेच पुसावे.

भातलावणीच्या दिवसांत भोर आणि वेल्ह्याकडच्या बायाबापड्या दिवसभर पावसात आणि चिखलात उभ्या असतात. आषाढातला तो ओला वारा थंडीइतकाच बाधतो. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी इरल्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आत कोरडे कपडे घालावेत, गमबूट वापरावेत, मध्ये उबेला यावे आणि त्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी चालू ठेवावी. शीतगृहात किंवा वातानुकूलित कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपला आजार मुकादमाला किंवा साहेबाला सांगून ठेवावा.

बर्फाचा गोळा, आइस्क्रीम, बर्फ घातलेला उसाचा रस यांनी ज्यांचे ओठ किंवा जीभ सुजते, त्यांनी हे पदार्थ पूर्ण सोडावेत. सूज घशात उतरली तर श्वास कोंडतो. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगावा. शस्त्रक्रियेची खोली थंड असते, सलाइनही थंड असू शकते. सांगितले तर ते कोमट करून देता येते.

आणि पोहण्याविषयी. विहीर, नदी, भाटघरचे धरण, शाळेच्या सहलीतला तलाव, कोणतेही पाणी असो. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज थंडीचे पित्त असलेल्या माणसाने त्यात उतरू नये. परवानगी मिळाली तरी एकट्याने कधीच उतरू नये. आधी हात बुडवून पाहिला, हात ठीक राहिला, म्हणून उडी मारली, असेही करू नये. हाताएवढ्या जागेचा आणि साऱ्या अंगाचा हिशेब वेगळा असतो.

प्रसंग ओढवलाच तर

थंडी किंवा पाणी लागल्यावर गांधींबरोबर चक्कर, आवाज बसणे, श्वास लागणे, जीभ सुजणे, उलटी किंवा ग्लानी यांतले काही दिसले, तर ते साधे पित्त राहिले नाही. पाण्यात माणूस गटांगळ्या खात असेल, तर पोहता न येणाऱ्याने उडी न मारता दोर किंवा ट्यूब फेकावी. बाहेर काढल्यावर श्वास चालू आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. नसेल तर ज्याला येत असेल त्याने ताबडतोब कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. श्वास चालू असेल तर रोग्याला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उठवून चालवू नये. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घालावे. तोंडात पाणी ओतू नये, कांदा हुंगवत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचा दवाखाना गाठावा आणि तेथे पहिल्या वाक्यात सांगावे, "ह्याला थंडीचं पित्त आहे."

यावर खरे औषध ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हेच आहे. ते स्वस्त आहे आणि प्रत्येक दवाखान्यात असायला हवे. सेटिरिझिनची गोळी किंवा ॲलर्जीचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. इंजेक्शनने बरे वाटले तरी रोग्याला काही तास रुग्णालयात ठेवावे लागते, कारण प्रतिक्रिया काही वेळाने पुन्हा उलटू शकते.

शेवटी एक विनंती

तो मुलगा आता संसाराला लागला आहे. दूध अजूनही घालतो. मार्गशीर्ष ते माघ गोळी नेमाने घेतो, वांगे आणि दही पोटभर खातो. उन्हाळ्यात भाऊबंद विहिरीवर जमले, की हा काठावर बसून पोरांना पोहायला शिकवतो. दोर मात्र हातात असतो. गेल्या दोन हिवाळ्यांत त्याच्या गांधी बऱ्याच कमी झाल्या आहेत. पण विहिरीत उतरायची परवानगी मी अद्याप दिलेली नाही आणि तोही मागत नाही.

त्या वैशाखानंतर मी एक नेम केला आहे. 'गार वाऱ्यानं पित्त उठतं' म्हणत कोणी आले, मग तो शाळकरी पोर असो की लावणीला जाणारी आजी, गोळी लिहिण्याआधी मी विचारतो, "पाण्यात उतरता का?" वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी, शाळेत कोणाला हा त्रास असेल, तर डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. हा प्रश्न तुम्हीच त्याला विचारा, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी विचारा.